शंभर डब्याला

एकतीस वर्षं मी हर्णैच्या पतपेढीत
ओल्या नोटा मोजल्या.
कोरड्या नोटा मोजणारे दापोलीत असत,
पंख्याखाली, स्पंजाला बोट लावून.
मला स्पंज कधी लागला नाही.
नोटा येत त्याच भिजून:
बर्फाच्या पाण्यात, घामात, कोळंबीच्या लालसर रसात,
आणि गांधीजींच्या चष्म्यावर कधी एखादा खवला
भिंगासारखा नेमका बसलेला.

तिजोरी उघडली की भरती आल्यासारखा वास सुटे.
बायको म्हणे, हात बाहेरच धुवा.
धूत असे. लिंबानं, राखेनं, चिंचेच्या कोळानं.
तरी पहिल्या घासाला
अख्खा लिलाव येऊन बसेच पानात.

आता निवृत्त. संध्याकाळी बंदरावर जातो
पिशवी आणि फोन घेऊन.
सुवर्णदुर्ग पाण्यात होता तिथंच आहे.
पण टोपल्यांच्या कडेला, बर्फाच्या खोक्यांवर
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले काळे-पांढरे चौकोन,
वाळवीनं खाल्लेल्या कागदासारखे,
आणि शेजारी एकेक डबा, पोपटाएवढा,
जो कुणाची किती कमाई झाली ते
साऱ्या किनाऱ्याला ओरडून सांगतो.

चांगुणा चोगले. खातं नंबर चारशे अकरा.
नवऱ्याला माहीत नसलेलं.
रोजचे वीस रुपये, तेवीस वर्षं,
माझ्याकडे पाठ करून, चोळीतून काढून.
"लिवा, पन पुस्तक हितंच ऱ्हाऊंदे."
तिचं पासबुक माझ्या खणात राही,
चष्म्याच्या घराखाली.
त्यातून एक छप्पर झालं, लेकीचं एक बाळंतपण,
आणि एकदा (हे मी कुणाला बोललो नाही)
रत्नागिरीचं एसटीचं भाडं, वकिलाकडं जायला.
जाऊन परत आली.
उरलेले आठ रुपये भरले.

काल तिच्याकडं सौंदाळे घेतले. वाटा एकशे वीस.
फोन काढला, चौकोनावर धरला,
नाव आलं: निकेत चोगले.
मुलगा. पुण्यात असतो. वाईट नाही, कष्टाळू आहे.
दर महिन्याला आईला पैसे पाठवतो,
तिचेच, मोजून.

तिनं ओला पंजा चौकोनावर ठेवला.
"भाऊ, ह्यो डबा निस्ता वरडतो. देत नाय काय."
मग इकडंतिकडं बघून,
पूर्वी पाठ करायची त्याच बेतानं,
"शंभर डब्याला. वीस माला."

माझ्या पाकिटात काय होतं?
मुदत संपलेलं कार्ड.
बायकोचा फोटो, कोपरा उडालेला.
पतपेढीच्या सत्यनारायणाची पावती.
रुपया नाही. मी, कॅशियर,
ज्यानं एकतीस वर्षांत एक पैसा कमी पडू दिला नाही,
भर बाजारात तुटीत उभा.

"ऱ्हाऊंदे, उद्या," म्हणाली, आणि मासे पिशवीत ओतले.
शंभर धाडले. आकडा दाबताना
पाचावर एक खवला चिकटला.
डबा ओरडला. दोन बायकांनी मान वळवली.
पुण्यात कुणाच्या तरी खिशात
काहीतरी थरथरलं असेल.

आज सकाळच्या गाडीनं दापोली.
खिडकीतल्या पोरीला म्हटलं, विसाच्या द्या, शंभर नोटा.
"काका, एवढे सुट्टे कशाला? आता कोण घेतं?"
मी म्हटलं, आहे एक खातं.
तिनं गड्डी सरकवली. कोरी, कडक,
कसलाच वास नसलेली.
सवयीनं तिथंच मोजायला घेतली.
निम्म्यात अडकलो; बोट कोरडं, नोट सरकेना.
मागं रांग नव्हती, तरी घाई झाली.
बोट जिभेला लावलं.

नव्व्याण्णव.
पुन्हा मोजल्या.